एक्स-रेमधला नारू

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. बाबा बाथरूममध्ये घसरले. फार काही नाही, घोटा सुजला होता, पण वय ७४, त्यामुळे मी हट्टाने एक्स-रे काढायला घेऊन गेलो. "काही होत नाही रे, हळदीचा लेप लावला की बसेल," असं ते वाटेत निदान दहा वेळा म्हणाले. हाड शाबूत निघालं. हळदीचा विजय झाला आणि तो मला पुढचे आठ दिवस ऐकवण्यात आला :-)

पण एक्स-रेमध्ये भलतंच काहीतरी दिसत होतं. पोटरीच्या खालच्या भागात, हाडापासून जरा बाजूला, एक पांढरी रेघ. सरळ नव्हे, वेटोळी. शिवणकामाच्या डब्यात तळाशी गुंता झालेला दोरा पडलेला असतो ना, तशी. तिथला तरुण डॉक्टर दोन मिनिटं त्याकडे बघत राहिला. "काका, इथे कधी ऑपरेशन झालंय का? तार वगैरे घातली होती?" बाबा म्हणाले, छे. मग त्याने आतल्या खोलीतून एका वयस्कर डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि थेट विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

बाबांनी मराठवाड्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"लहानपणी नारू झाला होता?"

"झाला होता की!"

"मग हा त्याचा भाऊ. हा बाहेर आलाच नाही. आतल्या आत मेला आणि त्याच्यावर कॅल्शियम चढलं. साठ वर्षं बिनभाड्याचा राहिलाय, राहू द्या. काही करायची गरज नाही."

तरुण डॉक्टरने मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. त्याने नारू फक्त पुस्तकात वाचला होता. खरं सांगायचं तर मी तेवढाही वाचला नव्हता. बाबांच्या उजव्या घोट्याच्या वर एक जुना, चकाकणारा, पावलीएवढा व्रण आहे आणि तो 'नारूचा' आहे, एवढंच लहानपणापासून माहीत. ज्याच्या त्याच्या आजोबांच्या पायावर असा एखादा व्रण असतोच, अशी माझी समजूत होती.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे गुगलायला बसलो. मराठीत 'नारू' शोधलं तर आधी बलुतेदार आणि अलुतेदार निघाले. बलुतेदार म्हणजे कारू आणि अलुतेदार म्हणजे नारू. गावगाड्याचं ज्ञान वाढलं, पण आपला नारू वेगळा. तो म्हणजे ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. इंग्रजीत गिनी वर्म. मग शनिवार सगळा त्यातच गेला. आता जे वाचलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट कळायला ते लागेल.

नारू ही एक कृमी आहे. मादी साधारण मीटरभर लांब, जाडी शेवईएवढी. ती माणसाच्या कातडीखाली वाढते आणि बहुतेक वेळा पायातून बाहेर येते. बाहेर यायच्या जागी आधी फोड येतो आणि त्याची विलक्षण आग होते. इतकी, की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पाय थंड पाण्यात बुडवतो. आणि नारूला नेमकं हेच हवं असतं. पाणी लागलं की फोड फुटतो, मादीचं टोक बाहेर येतं आणि ती पाण्यात लाखो अळ्या सोडते. त्या अळ्या नुसत्या पाण्यात थोडे दिवसच जगतात. तेवढ्यात त्यांना सायक्लॉप्स नावाच्या जलपिसूने गिळावं लागतं. हा प्राणी मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, साचलेल्या पाण्यात मजेत राहणारा. त्याच्या पोटात अळीला तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. मग कोणीतरी ते पाणी पितं. पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. नर आणि मादीची भेट होते, नर मरून जातो आणि मादी वाढत राहते. कुठे दुखत नाही, ताप नाही, काही नाही. साधारण वर्षभराने एक दिवस पायावर फोड येतो.

इथे माझ्यातला इंजिनिअर चकित झाला. कुठलाही बग शोधताना आपण काय करतो? आधी काय बदललं ते बघतो. काल रिलीज केला, आज सिस्टिम पडली, म्हणजे कालच्या कोडमध्ये काहीतरी आहे. पण चूक आणि तिचा परिणाम यांच्यात वर्षाचं अंतर असेल तर? लॉग नाहीत, मधल्या काळात एकही लक्षण नाही. गेल्या उन्हाळ्यात कुठल्या दुपारी ओंजळभर पाणी प्यायलो होतो आणि त्याचा या उन्हाळ्यातल्या फोडाशी संबंध आहे, हे माणसाला सुचणार कसं? म्हणून मग देवीचा कोप, पूर्वजांचा शाप, खाण्यातली उष्णता अशी कारणं निघत. मी लोकांना नावं ठेवत नाही. एवढ्या डेटावर मीही 'उष्णता' असंच लिहून तिकीट बंद केलं असतं.

हा रोग किती जुना? इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये कृमी काडीवर गुंडाळून काढण्याचा उल्लेख आहे असं मानतात. कोडं सुटलं ते मात्र १८७० साली. अलेक्सेई फेदचेन्को नावाच्या रशियन निसर्ग-अभ्यासकाने समरकंदमध्ये सायक्लॉप्सच्या पोटात नारूच्या अळ्या शिरलेल्या पाहिल्या. त्यानंतर तीनच वर्षांत तो आल्प्समध्ये, माँ ब्लाँच्या हिमनदीवर, वादळात सापडून वारला. वय २९. ह्या माणसाच्या नावाने एखादा पाणवठा असायला हवा, असं मला वाटून गेलं.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) आजतागायत नारूवर लस नाही. मारणारं औषध नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. उपचार अजून तोच, पपायरसवाला. बाहेर आलेलं टोक काडीला किंवा कापसाच्या बोळ्याला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोट-दोन बोटं, ओढत राहायचं. आठवडे लागतात. घाई केली आणि मध्येच तुटला तर आत राहिलेला तुकडा आकसतो, पाय सुजतो, पू होतो, कधी सांधा कायमचा धरतो.

आणि तरीही भारतातून नारू गेला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

औषधाशिवाय, लसीशिवाय कसं जमलं? साखळीतली एक कडी तोडायची, बस्स. नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं, सायक्लॉप्स कापडात अडकतो. पाण्यात टेमेफॉस नावाचं औषध ठराविक मात्रेत टाकून सायक्लॉप्स मारायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या विहिरीत माणूस उतरू शकतो ती बंद करायची किंवा बांधून काढायची, पाणी वरूनच दोराने शेंदायचं किंवा हातपंपाने काढायचं.

हातपंपाबद्दल एक गोष्ट वाचून छाती उगाच फुगली. दुष्काळामुळे खेडोपाडी बोअर घेतले गेले, पण पंप टिकत नसत. बाहेरचे पंप एकेका कुटुंबासाठी बनवलेले. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव लटकणार! तेव्हा मिशनच्या पाणी प्रकल्पांतून आधी जालन्यात आणि मग सोलापुरात दणकट पंप तयार झाले. सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' बनला. हाच तो लांब दांड्याचा पंप, जो आपण सगळ्यांनी शाळेच्या आवारात लोंबकळून चालवला आहे. तो पुढे आफ्रिकेतही पोचला. म्हणजे चाडमध्ये नाहीतर मालीत कुठलीतरी मुलगी आत्ता ज्या दांड्याला लोंबकळत असेल त्याचं मूळ जालना-सोलापुरात असू शकतं.

तर हे सगळं डोक्यात भरून मी शनिवारी संध्याकाळी बाबांसमोर बसलो. चहा झाला होता. माझी लेकही होती, वय नऊ, जिला 'पायातून निघणारा किडा' या विषयात अपार रस होता. मी कागद घेतला आणि गोल काढून दाखवलं. माणूस, पाणी, सायक्लॉप्स, परत माणूस. बाण वगैरे काढले. ऑफिसात प्रेझेंटेशन देतो त्याहून चांगलं दिलं. "म्हणजे बघा बाबा, ज्याला नारू झालाय तो पाण्यात उतरला की त्याच्यापासून पाण्यात, आणि तेच पाणी दुसरा प्यायला की बरोब्बर वर्षाने त्याला!"

लेक म्हणाली, "ई!" आणि बाबा काहीच बोलले नाहीत.

बाबा जिल्हा परिषदेत हिशेब विभागात होते. आकडे समोर आले की त्यांची बोटं आपोआप हलतात. मी पाहिलं, ते मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत होते. मग त्यांनी विचारलं, "वर्ष म्हणजे नक्की किती?"

"दहा ते चौदा महिने."

"हं," म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मला वाटलं पाय दुखत असेल. रात्री जेवणंही गुपचूप झाली. लेक झोपल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मला अर्धीच माहीत होती.

आमच्या गावात बारव आहे. दगडी, तीन बाजूंनी पायऱ्यांची. आता पडीक आहे, पण १९६२ साली गावचं पिण्याचं पाणी तेच. उन्हाळ्यात पाणी खाली जाई तसं बायका एकेक पायरी खाली उतरत. शेवटी शेवटी गुडघाभर पाण्यात उभं राहून कळशी बुडवत. आजी घरी पाणी कधीही गाळल्याशिवाय रांजणात ओतत नसे, हे बाबा कौतुकाने नेहमी सांगतात. पण पोरं घरी कुठे पाणी पितात? खेळून आली की बारवेत उतरायचं, ओंजळीने प्यायचं, तिथेच पाय धुवायचे.

त्या वर्षी वैशाखात बाबांच्या घोट्यावर फोड आला. वय ११. आजीने एरंडाचं पान बांधलं, अजून कसला पाला बांधला. आग थांबेना. मग दुपारी सगळे झोपले की बाबा लंगडत बारवेवर जाऊन पाय पाण्यात सोडून बसत. दोस्तही असत. त्यातल्या दोघांना तोच आजार.

"पाय पाण्यात घातला ना, की त्या जागेतून पांढरं निघायचं," बाबा म्हणाले. "दुधाचा थेंब पाण्यात पडल्यासारखं. धूर निघाल्यासारखं हलायचं पाण्यात. आम्हाला मजा वाटायची. कोणाचा जास्त निघतो ते बघायचो आम्ही. पैजा लावायचो."

मी काही बोललो नाही. मी नुकतंच वाचलं होतं ना, त्या पांढऱ्यात काय असतं ते.

"आणि अक्का रोज तिथलंच पाणी भरायची. प्यायची."

अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. दोन वर्षांनी मोठी. तिला पुढच्या उन्हाळ्यात, १९६३ साली, गुडघ्याखाली नारू झाला. गावात एक म्हातारे नारू काढत, ते तेव्हा परगावी गेले होते. घरातल्याच कोणीतरी ओढला आणि तुटला. पाय खांबासारखा सुजला. चार महिने ती अंथरुणात होती. उठली तेव्हा गुडघा धरलेला होता, तो पुन्हा सरळ झाला नाही. तिचं सातवीचं वर्ष गेलं ते गेलंच, शाळाच सुटली. पुढे लंगड्या मुलीला स्थळं येईनात म्हणून बिजवराला दिली. चाळिशीच्या आत विधवा झाली. हे सगळं आमच्या घरात सर्वांना ठाऊक. 'अक्काचं नशीब' या एका शब्दात ते बसवलेलं होतं.

"मे बासष्ट, मे त्रेसष्ट," बाबा म्हणाले. "बारा महिने."

आता मी काय बोललो ते सांगतो. मी वाद घातला. मी म्हणालो, बाबा, त्या उन्हाळ्यात गावात किती जणांना नारू होता? तुमच्याबरोबर बसणारे दोघं होतेच. बायका नारूचे पाय घेऊनच पाण्यात उतरत होत्या. शेजारच्या गावचे लोकही तिथे येत. अक्काच्या पोटात गेलेली अळी नेमकी तुमचीच, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. शक्यता काढायची म्हटली तरी... आणि इथे मी खरोखर टक्केवारी काढायला लागलो. बाबांनी मला थांबवलं.

"माझीच होती असं मी म्हणत नाही. पण माझी नव्हती, असं तुला म्हणता येईल का?"

नाही म्हणता येणार. गप्प बसलो.

त्या रात्री मला माझ्याच हुशारीचा राग आला. साठ वर्षं त्या माणसाच्या पायावर नुसता एक व्रण होता. मी एका संध्याकाळी कागदावर चार बाण काढून त्याचा गुन्हा करून टाकला. आपल्याकडे चूक झाली की आपण बैठक घेतो, कोणाला दोष द्यायचा नाही असं ठरवतो, कारणांची यादी करतो, उपाय लिहितो आणि घरी जातो. तिथे ते सोपं असतं, कारण बंद पडलेलं असतं ते कुठलंतरी पान. कोणाची बहीण नसते.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा सकाळीच म्हणाले, "लातूरला जाऊन येऊ." अक्का लातूरला मुलाकडे असते. घोटा अजून सुजलेला, पण त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी गाडी काढली. वाटेत बाबा जवळजवळ काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तिला ते चित्र काढून दाखवू नकोस."

अक्का ७६ वर्षांची आहे. वाकडा पाय पुढे सोडून जमिनीवर बसते, कारण खुर्चीत तो अवघडतो. आम्ही गेलो तेव्हा शेंगा फोडत होती. चहा झाला, पोरांची चौकशी झाली, घोट्याची चौकशी झाली. मग बाबांनी सांगितलं. एक्स-रेपासून सुरुवात केली आणि पांढऱ्या धुरापर्यंत आले. हिशेबनिसाच्या पद्धतीने, तारखांसकट. शेवटी म्हणाले, "अक्का, तुझ्या पायाला मी कारण असंन."

अक्काचे हात थांबले नाहीत. शेंगा फोडतच होती. मग म्हणाली, "आरं बाळू, येडा का काय तू? अकरा वर्षाचं लेकरू व्हतास."

बाबा काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "म्हंजे ज्याला नारू झालाय त्यानं पाण्यात पाय घातला की व्हतंय?"

मी हो म्हणालो.

"मग मी बी बसले की. तुटायच्या आधी पंधरा दिवस रोज जाऊन बसत व्हते. आग सोसंना." शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "त्याच्या फुडल्या साली शेजारच्या गोदीला झाला. अन् तिच्या धाकट्या भावाला. मी त्यांचं काय करू आता? गोदी तर मरून बी गेली."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"अन् तुला कुणी दिला? बापूनं दिला आसंल. बापूच्या दोन्ही पायाला व्हता, तू पाळण्यात व्हतास तवापासून." बापू म्हणजे माझे आजोबा. "आता त्यान्ला कुठं इचारायचं? पाणीच एक व्हतं बाबा. पाणीच एक व्हतं समद्यान्ला."

मग तिने बाबांना शेंगदाणे दिले आणि म्हणाली, खा.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. "समद्यान्ला" हे तितकंसं खरं नाही. परत येताना बाबाच म्हणाले. गावातल्या दलित वस्तीला बारवेत उतरायची बंदी होती. त्या बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरत, एक घागर भरायला अर्धा तास. बाबांच्या आठवणीत त्या वस्तीत नारू फारसा नव्हता. आता कारण सांगता येईल, वाळूतून झिरपून आलेल्या आणि कोणी पाय न बुडवलेल्या पाण्यात नारूची साखळी चालू राहणं अवघड. पण ते कोणी त्यांच्या भल्यासाठी केलं नव्हतं. वाळूने गाळलं म्हणून त्या अपमानाचं पुण्य होत नाही. बाबा म्हणाले, "आम्हाला वाटायचं आमचं पाणी चांगलं आहे." आणि त्यानंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

लातूरहून आल्यावर बाबा बरेच हलके झालेत. पूर्ण नाही. पूर्ण होऊही नये, असं कदाचित त्यांनाच वाटत असावं. पण त्यांनी एक नवीन उद्योग सुरू केला आहे. जगातल्या नारूचा हिशेब.

तो हिशेब असा. १९८६ साली जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता, आफ्रिकेत आणि आशियात मिळून वीसेक देशांत. त्याच सुमारास अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने हे काम अंगावर घेतलं. १९९५ मध्ये तर कार्टरांनी सुदानच्या यादवी युद्धात जवळजवळ सहा महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला, कशासाठी, तर गावोगावी पाणी गाळायचं कापड पोचवता यावं म्हणून. २०२२ साली जगभरात माणसांतले रुग्ण १३. २०२३ साली १४. २०२४ साली १५. लाख नव्हे, हजार नव्हे. पंधरा माणसं. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा, असं कार्टर २०१५ मध्ये कर्करोग झाल्यावर म्हणाले होते. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. थोडक्यात हुकलं.

"तेरा, चौदा, पंधरा. वाढतोय की रे!" बाबा अस्वस्थ होऊन म्हणाले.

मी त्यांना समजावलं की एवढ्या लहान आकड्यात एकदोनने फरक पडायचाच. पण खरी अडचण वेगळी आहे. चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू सापडायला लागला. नारू माणसांतच टिकतो, म्हणून तो संपवता येईल, हाच तर या सगळ्या मोहिमेचा पाया होता. आता २०१९ साली एकट्या चाडमध्ये जवळजवळ दोन हजार कुत्र्यांना लागण झालेली. नदीकाठी मासे साफ करून आतडी फेकतात, ती कुत्री खातात, त्यातून अळी जात असावी असा अंदाज. मग लोकांना सांगायला लागले, आतडी पुरा, कुत्री बांधून ठेवा, नारू झालेलं कुत्रं कळवलंत तर बक्षीस. आणि आकडा खाली यायला लागला. प्राण्यांतला आकडा आता काही शेवर आला आहे.

संपवायची तारीख? १९९१ मध्ये ठरली होती, १९९५ अखेर. मग पुढे गेली, मग अजून पुढे. सध्या २०३० आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर हसू नये. आपण शेवटचा एक टक्का राहिला असं किती महिने सांगतो ते आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच की आपला शेवटचा टक्का वाळवंटातून कुत्र्याच्या मागे पळत नाही.

जमलं, तर देवीनंतर जगातून गेलेला माणसाचा हा दुसरा रोग असेल. आणि औषध किंवा लस नसताना गेलेला पहिला. फडकं, हातपंप आणि "पाण्यात पाय घालू नकोस बाळा" असं सांगणारी माणसं, एवढ्यावर.

परवा बाबांनी मला विचारलं, "त्या चाडमध्ये नारू झालेल्या पोराला पाण्यापासून लांब कसं ठेवतात? आग तर होतेच की त्याला." मी वाचून सांगितलं, की बऱ्याच ठिकाणी त्याला केंद्रात नेऊन ठेवतात, जेवण देतात, रोज जखम धुऊन पट्टी करतात, नारू पूर्ण निघेपर्यंत तिथेच राहायचं.

"आणि आग?"

"बादलीत पाणी देतात. त्यात पाय बुडवायचा. मग ते पाणी पाणवठ्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतून टाकतात."

बाबा जरा वेळ विचार करत बसले. म्हणाले, "बादलीच हवी होती म्हणजे."

आणि मग बसल्या बसल्या त्यांनी उजवा पाय जरा पुढे घेतला आणि घोट्यावरच्या व्रणावरून हात फिरवला. सूज आता उतरली आहे. हळदीने, असं त्यांचं म्हणणं.